तीन चिठ्ठ्या आणि एक घट्ट चप्पल

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र. ओळख लागू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

त्या शाळेत शिकवतात. घरी यजमान, दहावीतला मुलगा आणि ६९ वर्षांच्या सासूबाई. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना रात्री आडवे होताच धाप लागू लागली, पायांवर सूज आली आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान हार्ट फेल्युअर, इकोमध्ये हृदयाची ‘ईएफ’ (एका ठोक्यात हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते माप) ३० टक्के. घरी आल्या त्या सात प्रकारच्या गोळ्या घेऊन. मधुमेहाचे औषध जुन्या डॉक्टरांकडून बारा वर्षे चालू आहे, आणि गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर वेगळे. मागच्या महिन्यात गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्या नाक्यावरच्या नेहमीच्या मेडिकलवर गेल्या, तर मालकांच्या नव्या सुनेने गोळ्या दिल्याच नाहीत. ती फार्मसी शिकलेली आहे. “आंटी, पहले हार्ट वाले डॉक्टर साहब से पूछ लीजिए,” म्हणाली. मग सगळ्या चिठ्ठ्या मागवून घेतल्या आणि शुगरच्या गोळीबद्दलही शंका काढली. यजमान संतापले: “पुड्या बांधणारी पोरगी आता डॉक्टरांना अक्कल शिकवणार?” यापुढे सगळी औषधे मोबाइलवरून मागवायची, वीस टक्के सूटही मिळते, असा त्यांचा निर्णय. सासूबाईंनी शेजारणीकरवी दुसऱ्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणवल्या. पत्रलेखिका मात्र त्या मुलीवर खूश आहेत. त्या विचारतात: हृदयाच्या डॉक्टरांची वेळ तीन-तीन आठवडे मिळत नाही, मिळाली तर पाच मिनिटे. मग औषधे कमी-जास्त करण्याचे काम या मुलीवरच सोपवले तर? की यजमानांचे ऐकून दुकान बदलू? आणि ताजा कलम: “चार दिवसांपासून सासूबाईंना चप्पल घट्ट होते आहे. उन्हामुळे असेल का?”

प्रिय मैत्रीण,

ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रात महत्त्वाची ओळ तीच होती आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली होती. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखे ते नव्हते, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला मेल केला: सासूबाईंना काट्यावर उभे करा, दुखण्याच्या गोळ्या थांबवा आणि हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आजच फोन लावा. दुसऱ्या दिवशी तुमचे उत्तर आले. घरी आल्या त्या दिवशीच्या वजनापेक्षा २ किलो ८०० ग्रॅम जास्त. डॉक्टरांनी लघवीची गोळी काही दिवसांपुरती वाढवली, रक्त तपासायला सांगितले आणि चार दिवसांनी बोलावले. तीन आठवड्यांनी मिळणारी वेळ चार दिवसांत मिळाली, हे लक्षात ठेवा. “जरा बरं वाटत नाहीये” असे सांगितले की फोन घेणारा माणूस पुढची तारीख देतो. “वजन पावणेतीन किलो वाढलंय, पायावर सूज आहे” असे सांगितले की तो आत जाऊन डॉक्टरांना विचारतो.

उन्हाचा दोष नव्हता. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. (हे घाबरवणारे नाव ज्याने ठेवले त्याला पेशंटसमोर बसवायला हवे होते.) हृदय पुरेशा जोराने रक्त ढकलत नाही, मूत्रपिंडांचा समज होतो की शरीरात पाणीच कमी पडले आहे, आणि ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. ते पाणी आधी काट्यावर दिसते, मग घोट्यांवर, मग फुप्फुसांत. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हे कागदावर लिहून फ्रिजला लावावे: तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन, नवी सूज, किंवा झोपताना एक उशी जास्त लागणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बसल्या जागी धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ असेल तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर.

आता तुमचा मूळ प्रश्न. आधी माझे पारडे कुठे झुकते ते सांगून टाकते. मी स्वतः फार्मासिस्ट. रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे सव्वीस वर्षे काढली आहेत. त्यामुळे ‘पुड्या बांधणारी’ हा शब्द मला लागला. पण तुमच्या यजमानांइतक्याच तुम्हीही चुकता आहात असे माझे मत आहे, हेही आत्ताच सांगते.

यजमान म्हणतात, तिने डॉक्टरांना शिकवले. तिने नेमके काय केले ते पाहू. सासूबाईंना तीन डॉक्टर आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा पाहिला, दुखते आहे म्हणून दुखण्याची गोळी लिहिली. गुडघ्यापुरती ती बरोबरच आहे. शुगरच्या डॉक्टरांची गोळी तर बारा वर्षे जुनी, हृदयाचे दुखणे दोन महिन्यांचे. तिघांपैकी कोणी चुकीचे लिहिले नाही, पण प्रत्येकाने आपापली चिठ्ठी पाहिली. त्या तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी पहिल्यांदा मांडल्या गेल्या त्या तिच्या काउंटरवर.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब या वर्गातल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा असर कमी करतात. एकीकडून बादलीने टाकी उपसायची आणि दुसरीकडे नळ सोडून ठेवायचा, असा तो प्रकार. त्यातून सासूबाईंना सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही हृदयाची गोळी आणि लघवीची गोळी दोन्ही चालू आहेत. या दोघींच्या जोडीला दुखण्याची गोळी आली की मूत्रपिंडांवरही ताण येतो. शुगरच्या गोळीचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यात मोठ्या अक्षरांत ब्रँडचे नाव आहे आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तीन औषधे लिहिली आहेत. तिसरे पायोग्लिटाझोन. शुगर चांगली खाली आणते, स्वस्त आहे, आपल्याकडे वर्षानुवर्षे लिहिले जाते. पण ते शरीरात पाणी साठवते, आणि हृदय कमजोर असलेल्यांना सहसा देत नाहीत. मुलीची शंका रास्त होती. (ती गोळी मनाने बंद करू नका. शुगरच्या डॉक्टरांना फोन करून “आता ईएफ ३० आहे, हे बदलायचे का?” एवढेच विचारा. हृदयाच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केले आहे, तेही त्यांना सांगा.)

चिठ्ठी हातात आल्यावर ती या रोग्याला योग्य आहे का, इतर औषधांशी तिचे भांडण आहे का, हे पाहणे आणि शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे, हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम म्हणून २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. रोग्याला औषध समजावून सांगणेही त्यात आहे. म्हणजे तिने आगाऊपणा केला नाही, नोकरी केली. आपल्याला ते आगाऊ वाटले, कारण इतकी वर्षे ते काम कोणी केलेच नव्हते.

त्यात मीही आले. सुरुवातीच्या वर्षांत एक आजोबा यायचे, पाय सुजलेले, एका हातात लघवीची गोळी आणि दुसऱ्या हातात दुखण्याच्या गोळीची चिठ्ठी. मला दिसत होते. मागे रांग होती, डॉक्टर मोठे होते, मी चोवीस वर्षांची होते. दिली गोळी. तीन महिन्यांत दोनदा ते त्याच रुग्णालयात भरती झाले. गोळीमुळेच झाले असे म्हणता येणार नाही, पण मी फोन केला नाही एवढे खरे. तुमच्या नाक्यावरच्या मुलीने जे केले त्याला काय लागते ते मला माहीत आहे. गिऱ्हाईक तुटते, सासरा ओरडतो.

आता तुमची बाजू. पाच मिनिटे देणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वीस मिनिटे देणारी मुलगी जवळची वाटणार, हे मी समजू शकते. पण ‘वेळ देते’ आणि ‘डोस ठरवू शकते’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंच्या गोळ्यांचा डोस नाडी, रक्तदाब, रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी चालली आहेत ते यावरून कळते) पाहून ठरतो. त्यांच्या यादीतल्या स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन या दोन्ही गोळ्या पोटॅशियम वाढवू शकतात, आणि ते फार वाढले तर हृदयाचा ठोका बिघडतो. काउंटरवरून हे दिसत नाही. ब्रिटनमध्ये वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना २००६ पासून स्वतंत्रपणे औषध लिहिता येते, पण तिथे रोग्याचे रिपोर्ट त्यांच्यासमोर असतात. आपल्याकडे डोस बदलण्याचा अधिकार तिला नाही. साधा ब्रँडसुद्धा चिठ्ठीवर एक आणि दिला दुसरा, असे शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधात करायला कायद्याने मनाई आहे. तुम्ही प्रेमाने तिच्यावर हे काम टाकाल आणि एक दिवस तीच अडचणीत येईल.

शिवाय, एकटी फार्मासिस्ट फार काही साधत नाही, हे संशोधनातही दिसले आहे. हार्ट फेल्युअरच्या २०६० रुग्णांवर झालेल्या १२ चाचण्यांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. फार्मासिस्ट उपचारात सामील असल्याने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले, मृत्यूंत मात्र ठाम फरक दिसला नाही. आणि हा फायदा जिथे ते डॉक्टर-नर्स यांच्यासोबत काम करत होते तिथे ठळक होता, जिथे सगळी मदार त्यांच्यावरच होती तिथे जेमतेम. ग्लासगोमध्ये दोन हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिथे फार्मासिस्टच्या मोजक्या भेटींनी औषधे थोडी सुधारली, पण भरती किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. माझ्याच पेशाबद्दलची ही गोष्ट लपवून तुम्हाला सल्ला देणे बरे नव्हे.

म्हणून ‘डॉक्टर की दुकान’ ही निवडच मला मान्य नाही. तिच्याकडून तिचे काम पुरेपूर घ्या. ते काम कमी नाही.

या रविवारी घरातले सगळे औषध एका पिशवीत भरा. सगळे म्हणजे कपाटातले, देव्हाऱ्याशेजारचे, पर्समधले, उशीखालचे, शेजारणीने आणलेले, चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंबसुद्धा. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट त्याच पिशवीत. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दुकान रिकामे असते तेव्हा, ती तिच्या काउंटरवर पालथी करा आणि म्हणा, “बेटा, यातलं चालू काय, बंद काय, आणि दोनदा काय?”

‘दोनदा’ हा शब्द मुद्दाम वापरा. रुग्णालयातून एका ब्रँडची गोळी लिहून येते, घरी तेच औषध दुसऱ्या नावाने आधीपासून चालू असते, रंग वेगळा, पाकीट वेगळे, आणि पेशंट दोन्ही घेतो. बीपीच्या जुन्या गोळीचे तर हमखास होते. टेल्मिसार्टन घरात चालू असते आणि वर सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन येते. दोन्ही एकाच कुळातली. जुनी गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर गोष्ट आणखी गंभीर. तिच्यात आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनमध्ये ३६ तासांचे अंतर लागते, नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजण्याचा धोका असतो. अर्धवट राहिलेली पट्टी “वाया कशाला घालवायची” म्हणून संपवणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. आमच्या घरात ती माझी आई होती.

मग प्रत्येक गोळी कशासाठी ते सासूबाईंसमोर विचारा. डापाग्लिफ्लोझिन शुगरच्या गोळ्यांत मोडते, पण २०१९ च्या एका मोठ्या चाचणीनंतर मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही ती देऊ लागले आहेत. ज्यांना शुगर नाही असे कितीतरी लोक “मला चुकून दुसऱ्याची गोळी दिली” म्हणून ती फेकून देतात. तशीच नाडी मंद करणारी मेटोप्रोलॉल. बीपी नॉर्मल आले की लोक बंद करतात, पण ती बीपीसाठी दिलेलीच नसते, कमजोर हृदयाला सांभाळण्यासाठी असते. तिच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळीचा चुरा करून पाण्यात द्यायचा नसतो, हेही काउंटरवरच कळते. उलट्या-जुलाब झाले, उपास धरला, तर कोणत्या गोळ्या त्या दिवशी थांबवायच्या हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आषाढी एकादशीला रात्री दहा वाजता कोणी फोन उचलत नाही.

लघवीच्या गोळीबद्दल वेगळे लिहिते, कारण सर्वांत जास्त चुकवली जाणारी गोळी हीच. माणसे ती विसरत नाहीत, टाळतात. लग्नाला जायचे आहे, उज्जैनला महाकालच्या दर्शनाला जायचे आहे, बसमध्ये कुठे जाणार, म्हणून त्या दिवशी गोळी नाही. बायकांच्या बाबतीत तर हे ठरलेलेच, आणि त्या कोणाला सांगतही नाहीत. गोळीचा जोर साधारण सहा तास असतो. बाहेरून आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवले की गोळी चुकवण्याची पाळी येत नाही. सासूबाई सुनेला हे सांगणार नाहीत, मुलाला तर नाहीच नाही. त्या मुलीला कदाचित सांगतील.

आणि मग आपले इंदूर. पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावणचा खारट मसाला, हिवाळ्यात तळलेल्या गराडूच्या कंदावर पुन्हा जिरावण, संध्याकाळच्या चहाबरोबर नमकीन. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचासुद्धा भरत नाही. भाजीतले मीठ कमी करून शेव चालू ठेवली तर काय उपयोग? पण इथे एक सापळा आहे. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळते. काळजी घेणाऱ्या सुना तेच आणतात. त्यात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियम घातलेले असते, आणि सासूबाईंच्या दोन गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या. पाकिटावर ‘हृदयासाठी हितकारक’ असे काहीही लिहिलेले असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते स्वयंपाकघरात आणू नका. पित्तासाठी घेतले जाणारे फसफसणारे फ्रूट सॉल्टही तसेच. एका पाच ग्रॅमच्या पुडीत आठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जाते, जवळजवळ दोन ग्रॅम मिठाइतके. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलमध्येही सोडियम असते, साध्या गोळीत ती भानगड नाही. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या हृदयाला धावायला लावतात. यातले काहीही घ्यायला सहसा कोणी चिठ्ठी मागत नाही, कोणीही मागितले की मिळते. म्हणूनच गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तुमच्या घरातला आजार माहीत असणे गरजेचे आहे.

मात्र काउंटरवर प्रत्येक वेळी ती मुलगीच असेल असे नाही. कित्येक दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर असते आणि फार्मासिस्ट दुसरीकडे. औषध देणारा मुलगा चुणचुणीत असतो, ब्रँडची नावे त्याला तोंडपाठ असतात, पण शिक्षण वेगळी गोष्ट आहे. दुकानाचा परवाना दर्शनी भागात लावलेला असावा लागतो. तिथे नाव पाहा आणि सरळ विचारा, “फार्मासिस्ट कोण? त्या कधी असतात?” यात उद्धटपणा काही नाही.

वीस टक्क्यांचे काय? मी त्याला हसणार नाही. सात गोळ्या महिनोन्महिने घ्यायच्या तर वीस टक्के म्हणजे मुलाच्या शिकवणीची फी. पण फक्त सूट मोजू नका. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनचे पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपले आणि बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. डापाग्लिफ्लोझिनच्याच वर्गातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चमध्ये. डॉक्टरांनी सवयीने जुना महागडा ब्रँड लिहिला असेल तर मुलीला विचारा, यात स्वस्त आणि खात्रीचे काय आहे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तेच नाव लिहून घ्या. जनऔषधी केंद्रातही पाहा. यात वीस टक्क्यांहून जास्त सुटू शकतील. आणि नाक्यावरच्या मालकांशी घासाघीस करायला काय हरकत आहे? वीस वर्षांचे गिऱ्हाईक आहात.

त्यातूनही मोबाइलवरूनच मागवायचे असेल तर ठरलेल्या, महिनोन्महिने न बदलणाऱ्या गोळ्या मागवा. नवी चिठ्ठी, ताप, खोकला, दुखणे, यांसाठी मात्र नाक्यावरच जा, आणि ऑनलाइन बिलाचा फोटो त्या मुलीच्या फोनवर पाठवत जा. तिच्याकडे यादी अर्धवट राहिली तर ती सांगेल तेही अर्धवटच. प्रत्येक खेपेला पट्टी कापून घेताना नाव आणि मुदत असलेला तुकडा मागा.

अमेरिकेत इंडियानापोलिसला झालेला एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. ३१४ रुग्ण, पन्नाशीच्या पुढचे, बहुतेक गरीब. त्यातल्या काहींना नऊ महिने एका फार्मासिस्टने औषधे समजावली, सोप्या चिठ्ठ्या लावून दिली, आल्या-गेल्याची विचारपूस केली. त्यांच्यात गोळ्या नीट घेण्याचे प्रमाण ७८.८ टक्के राहिले, बाकीच्यांत ६७.९. तातडीच्या विभागातल्या फेऱ्या आणि भरती मिळून १९.४ टक्क्यांनी कमी. हे २००७ साली छापून आले. पण नऊ महिन्यांनी विचारपूस थांबवली, तशी पुढच्या तीन महिन्यांत गोळ्या घेण्यातला तो फरक जवळपास पुसला गेला. माणसे काही विसरली नव्हती, फक्त कोणी विचारत नव्हते. म्हणून एका रविवारच्या पिशवीने भागणार नाही. दर महिन्याला औषध घ्यायला जाल तेव्हा वजनाची वही सोबत न्या, आणि शक्य असेल तेव्हा सासूबाईंनाही.

डॉक्टरांकडे जाताना मुलीने केलेली यादी एका पानावर न्या. औषधाचे मूळ नाव, डोस, वेळ, कोणी लिहिले. खाली तिची शंका एका ओळीत. “मेडिकलवाली म्हणते” असे तोंडी सांगू नका, डॉक्टरांचा अहंकार दुखावतो आणि पाचातली दोन मिनिटे त्यातच जातात. कागद पुढे सरकवा. बहुतेक डॉक्टरांना तो हवाच असतो. आणि एक प्रश्न तुमचा: “डोस वाढवायचे बाकी आहेत का, आणि किती दिवसांनी?” हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या थोड्यापासून सुरू करून चढवायच्या असतात. रुग्णालयातून सुटल्यावर दोन आठवड्यांत, वारंवार तपासत, पूर्ण डोसपर्यंत नेले तर सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यूचे प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आले, असे २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. सगळ्यांना तो वेग झेपत नाही, पण दोन महिने सुरुवातीच्याच डोसवर कोणी विसरून राहू नये.

यजमानांबद्दल. आईला रात्री बसून श्वास घेताना त्यांनी पाहिले आहे, बिल त्यांनी भरले आहे. या सगळ्यात त्यांच्या हाती लागलेले एकच काम म्हणजे वीस टक्के वाचवणे, आणि नेमके त्यातच एका मुलीने त्यांना चारचौघांत थांबवले. त्यांना वादात हरवू नका. वजनाची वही त्यांच्याकडे द्या. बेरीज-वजाबाकीचा माणूस आहे, सांभाळतील. रविवारची पिशवीही त्यांच्याच हातात द्या, तुम्ही मागे राहा.

एक व्यक्ती तुमच्या पत्रात कुठेच बोलत नाही. सासूबाईंनी चोरून गोळ्या का आणल्या? गुडघा दुखतो म्हणून. मुलीने गोळी नाकारली, ती योग्यच, पण त्या दिवशी गुडघ्याचे काय करायचे ते कोणीच सांगितले नाही, ना तिने, ना तुम्ही, ना यजमानांनी. म्हाताऱ्या माणसाला नुसते ‘नाही’ सांगितले की ते शेजारणीकडे जाते. हृदयाच्या डॉक्टरांना चार दिवसांनी भेटाल तेव्हा हे विचाराच: साधी पॅरासिटामॉल दिवसातून किती, मलम लावले तर चालेल का, फिजिओथेरपी कधी सुरू करता येईल. तोवर गरम पाण्याची पिशवी, हातात काठी, आणि पोथी वाचायला खाली बसण्याऐवजी खुर्ची. आणि त्यांना रागावू नका. उरलेल्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत ते त्या स्वतःहून सांगतील.

चप्पल सैल झाली की कळवा.